पेरणीआधी हवामान अंदाज कसा वाचायचा आणि शिवारातला पाऊस घरीच कसा मोजायचा

राम राम मंडळी. मे संपत आला की आपल्याकडं पारावर, कट्ट्यावर, व्हॉट्सॲपवर एकच विषय, पाऊस कधी येणार आन मूठ कधी धरायची, म्हणजे पेरणी कधी सुरू करायची. मी मराठवाड्यातला कोरडवाहू सोयाबीन-तूरवाला, त्यामुळं जे लिहितोय ते आपल्या काळ्या रानाच्या हिशोबानं आहे, कोकणातल्या भातवाल्यांचं गणित वेगळं असतंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. "मॉन्सून दाखल झाला" ही बातमी आणि "पेरणी करा" हा सल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2025 ला काय झालं आठवा, 24 मे ला मॉन्सून केरळात आला, 26 मे ला मुंबईत, एवढ्या लवकर मुंबईत कधी आल्याची नोंदच नव्हती. मे मध्येच रानं भिजली, लोकांनी पेरायच्या तिफणी काढल्या, आणि 29 मे नंतर मॉन्सून जो अडकला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढं सरकलाच नाही. कृषी विभाग घसा फोडून सांगत होता घाई करू नका म्हणून. आमच्या घरी काही वर्षांपूर्वी हीच चूक झालेली, मृगात एक दणका पाऊस पडला, शेजारच्यांनी पेरलं म्हणून आम्ही पण पेरलं, आणि पुढं वीस दिवस आभाळाकडं बघत बसलो. उगवलेलं करपलं, न उगवलेलं कुजलं, दुबार पेरणीला बियाण्याच्या बॅगा उधारीवर आणल्या. त्या वर्षीपासून मी अंदाज नीट वाचायला आणि पाऊस मोजायला शिकलो, तेच सांगतोय.

हवामान विभागाचा अंदाज वाचताना दोन शब्दांकडं बघायचं, किती आणि कुठं. पाऊस "हलका" म्हणजे 24 तासात 2.5 ते 15.5 मिलीमीटर, "मध्यम" म्हणजे 15.6 ते 64.4, आणि "जोरदार" म्हणजे 64.5 ते 115.5. आता "हलका ते मध्यम" असं लिहिलं असलं तर त्याचा अर्थ 3 मिलीमीटर पण होतो आणि 60 पण होतो, म्हणजे धूळ दबण्यापासून ते रानातून पाणी निघण्यापर्यंत सगळं त्या एका ओळीत बसतंय. दुसरा शब्द कुठं. "तुरळक ठिकाणी" म्हणजे जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त पाव भागात, "काही ठिकाणी" म्हणजे पाव ते निम्म्या भागात, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे निम्म्याच्या वर. म्हणजे तुरळक लिहिलंय तर चार गावांतल्या फार तर एका गावाला पडणार, आणि ते गाव आपलंच असेल असं धरून बियाणं काढायचं नाही. पेरणीसाठी मी "बऱ्याच ठिकाणी" आणि "मध्यम" हे दोन शब्द एकत्र आणि लागोपाठ दोन-तीन दिवस दिसायची वाट बघतो.

अलर्टच्या रंगावरून लई गोंधळ होतो. यलो अलर्ट आला की ग्रुपवर लगेच "आज धो धो" असं पडतं. खरं तर आपल्याकडं मे-जूनमधला यलो अलर्ट बहुतेक वेळा विजा आणि 30-40 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासाठी असतो, पेरणीजोग्या पावसासाठी नसतो. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे लगेच हालचाल करा. रंगाच्या खाली काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय फॉरवर्ड करू नका राव. आणि फॉरवर्डमध्ये सॅटेलाइटचा फोटो आला तर आधी त्यावरची तारीख बघा, मागच्या वर्षीचे ढग या वर्षी फिरत असतात.

किती दिवसांच्या अंदाजावर विश्वास ठेवायचा? माझा अनुभव असा की आज-उद्याचा बऱ्यापैकी लागतो, पाचव्या दिवसाचा फक्त कल म्हणून घ्यायचा. दर गुरुवारी हवामान विभाग पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतो, तो मात्र पेरणीआधी जरूर बघा, कारण पहिला आठवडा चांगला आणि दुसरा-तिसरा "सरासरीपेक्षा कमी" दाखवत असेल तर तो खंडाचा, म्हणजे मधेच पाऊस बरेच दिवस उघडण्याचा इशारा आहे. आणि एप्रिल-मे मध्ये टीव्हीवर जो टक्क्यांचा अंदाज येतो, 2025 ला मे अखेर 106 टक्के सांगितला होता, तो अख्ख्या देशाचा चार महिन्यांचा असतो, देशाची सरासरी 87 सेंटीमीटर धरून. त्यावरून आपल्या तालुक्यात जूनला काय होईल हे अजिबात कळत नाही, त्यावर पेरणी ठरवू नका.

मोबाईलमध्ये तीन ॲप ठेवा, मौसम, मेघदूत आणि दामिनी. मेघदूतवर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला मराठीत येतो, आपल्याकडं परभणीच्या विद्यापीठाचे शास्त्रज्ञ तो तयार करतात, पेरणी-फवारणी-काढणीचं त्यात सरळ लिहिलेलं असतं. दामिनी हे विजेचा इशारा देणारं ॲप, त्याबद्दल हात जोडून सांगतो, ते सगळ्यात आधी टाका. आपल्याकडं मे-जूनमध्ये विजेनं माणसं आणि जनावरं जातात, त्यातली कितीतरी झाडाखाली थांबलेली असतात. गडगडाट ऐकू आला की तिफण तिथंच सोडा, बैल झाडाखाली बांधू नका, पक्क्या घरात जा आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय परत रानात जाऊ नका.

आता मुख्य काम, पाऊस मोजणं. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा मिळतो, पण ते केंद्र आपल्या बांधापासून दहा-बारा किलोमीटर लांब असू शकतं आणि जूनचा पाऊस तर रस्त्याच्या अलीकडं पडतो, पलीकडं नाही. पर्जन्यमापक विकत मिळतो, नाहीतर घरीच करा. तोंडापासून तळापर्यंत एकसारखा सरळ आणि सपाट बुडाचा डबा घ्या, खाली निमुळता होत जाणारा नको, नाहीतर आकडा चुकतो. मोकळ्या जागेत ठेवा, झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या दुप्पट तरी लांब, आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून विटांच्या मध्ये बसवा. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरून पाणी किती मिलीमीटर आहे ते बघायचं, वहीत तारीख टाकून लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. साडेआठच का, तर हवामान विभाग पण त्याच वेळेला मोजतो, म्हणजे आपला आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून बघता येतो. 1 मिलीमीटर म्हणजे एकरावर साधारण 4000 लिटर पाणी, हा हिशोब पोरांना सांगा, ते मग रोज स्वतःहून मोजतात.

कृषी विद्यापीठं सांगतात की 75 ते 100 मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण एका तासात 80 पडला तर निम्मा ओढ्याला जातो, म्हणून नुसत्या आकड्यावर जायचं नाही, रान उकरून बघायचं. खुरप्यानं वीतभर खोल उकरा, रानात चार-पाच जागी, उताराला आणि खोलगट भागात पण. खाली कोरडं लागलं तर थांबा. वरची-खालची ओल एक झाली असली तर मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा, फुटला तर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल आहे, चिखलासारखा चपटा झाला किंवा हाताला चिकटला तर अजून एक-दोन दिवस जाऊ द्या. चिखलात पेरलं की वर पापडी धरते आणि सोयाबीनचा कोंब बाहेर येत नाही.

थांबायच्या दिवसात रिकामं बसू नका, उगवण तपासा. ओल्या पोत्यात 100 दाणे गुंडाळून ठेवा, 70 च्या वर उगवले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं. सोयाबीन 15 जुलैपर्यंत पेरता येतं, त्यामुळं मृग गेला म्हणून जीव खाली-वर करायचं कारण नाही, त्याच्या पुढच्या आर्द्रा नक्षत्रात पेरलं तरी चांगलं पीक येतं. मूग-उडदाला मात्र उशीर चालत नाही, जुलैचा पहिला आठवडा गेला तर तो विचार सोडा आणि तिथं तूर किंवा सोयाबीन घ्या.

पेरताना जमलं तर रुंद सरी वरंब्यावर पेरा. खंड पडला तर सरीत मुरलेली ओल पिकाला धरते आणि जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं. 2023 चा ऑगस्ट आठवत असेल, देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. तशा खंडात पिकाच्या ओळींमधली माती हलवायच्या एक-दोन कोळपण्या जादा मारा, भेगा बुजतात आणि ओल उडत नाही.

फवारणीचं पण अंदाजावरच ठरवा. मी विंडी नावाच्या हवामानाच्या ॲपवर तासातासाचा वारा आणि पाऊस बघतो, वारा ताशी 10-12 किलोमीटरच्या वर दाखवला की पंप उचलत नाही, औषध शेजाऱ्याच्या रानात जातं आणि आपल्या तोंडावर येतं. पुढच्या चार-पाच तासात पाऊस दाखवत असेल तर पण थांबतो.

तुमच्या गावात कोणी पाऊस मोजत असेल तर मागच्या दोन-तीन वर्षांचे जूनचे आकडे त्यांच्याकडून उतरवून घ्या, नसेल तर उद्या सकाळीच डबा ठेवा.