लंडनमध्ये नवीन आहात? आधी एकच दालन निवडा

इथे राहायला आलेल्या मंडळींकडून पहिल्या दोन-तीन महिन्यांत हमखास एक प्रश्न येतो. आईबाबा यायचे आहेत, कोणकोणती म्युझियम दाखवू? आणि प्रश्नासोबत यादी तयारच असते: सकाळी ब्रिटिश म्युझियम, दुपारी नॅचरल हिस्टरी, वेळ उरला तर नॅशनल गॅलरी. माझे आईबाबा पहिल्यांदा आले तेव्हा मीही त्यांना एका दिवसात तीन ठिकाणी फिरवलं होतं. संध्याकाळी बाबांचे पाय सुजले, आणि ब्रिटिश म्युझियममधल्या रोझेटा स्टोन या प्राचीन इजिप्तच्या कोरीव शिळेसमोर आईला दिसली ती फक्त पुढच्या माणसांची डोकी. त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डिसेंबर २००१पासून इथल्या सगळ्या राष्ट्रीय म्युझियमच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेश मोफत आहे. तिकीट लागतं ते खास प्रदर्शनांना. पर्यटकाला आज पाहिलं नाही तर ते राहूनच जातं, पण तुम्ही आता इथे राहताय. ऑफिसातून लवकर सुटलात तर तासभर डोकावून येता येतं. त्यामुळे म्युझियम नका निवडू, त्यातलं एक दालन निवडा, दीड-दोन तासांत बाहेर पडा. दाराशी देणगीची पेटी असते, त्यावर ठरावीक रक्कम सुचवलेली असते. ती ऐच्छिक आहे. नवीन असताना खिशाला परवडत नसेल तर संकोच न करता आत जा, पुढे कधीतरी टाका.

ब्रिटिश म्युझियमचंच घ्या. संग्रहात सुमारे ८० लाख वस्तू, आणि मांडलेल्या साधारण ८० हजार. शंभरातली एक मांडलेली, आणि तीही एका दिवसात बघून होत नाही. मी पाहुण्यांना बहुतेक वेळा माँटेग्यू प्लेसच्या मागच्या दाराने नेते. तिथे रांग सहसा कमी असते आणि ३३ नंबरचं चीन व दक्षिण आशियाचं दालन जवळ पडतं. त्याला लागूनच ३३ए मध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत. त्यातली एक शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. एका बाजूला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचं काम: भक्त हात जोडून आहेत, वृक्ष आहे, आसन आहे, पण आसनावर कोणी नाही. त्या काळी बुद्धाची मूर्ती न घडवता अशा खुणांनीच त्याचं असणं दाखवत. पुढे काही शतकांनी तीच शिळा उलटून मागच्या बाजूला अख्खा स्तूप कोरला. ही एक शिळा वीस मिनिटं बघा. आपल्याकडच्या इतक्या वस्तू इथे का आहेत, हा प्रश्न मनात येणारच, आणि यायलाही हवा. मुलं बरोबर असतील तर त्यांच्याशी तिथेच उभं राहून बोला.

निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर त्या दिवशी कोणती दालनं बंद आहेत ते पाहा. आणि विमानतळावरून थेट जायचा बेत करू नका, चाकांची बॅग आत नेऊ देत नाहीत. ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांना शुक्रवारी संध्याकाळी न्या, साडेआठपर्यंत उघडं असतं.

साउथ केन्सिंग्टनला तीन म्युझियम शेजारी शेजारी आहेत आणि तिथेच सगळ्यांचा घात होतो. एकच करा. लहान मुलं असतील तर नॅचरल हिस्टरी. प्रवेशाच्या मोठ्या हॉलमध्ये २५ मीटर लांबीच्या निळ्या देवमाशाचा सांगाडा वर टांगलेला आहे, मुलांना आधी तिथे नुसतं उभं राहू द्या. मात्र शाळांच्या सुट्टीत, विशेषतः हाफ टर्मला (सत्राच्या मधल्या सुट्टीत), तिकडे फिरकू नका. जायचंच असेल तर सकाळची पहिली वेळ आधी बुक करा. यंत्रांची आवड असेल तर सायन्स म्युझियम.

मोठ्या माणसांना मी तिसरं, व्ही अँड ए म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे कला आणि डिझाइनचं म्युझियम, सुचवते. शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. तिथल्या कास्ट कोर्ट्समध्ये युरोपातल्या प्रसिद्ध शिल्पांच्या प्लास्टरमधल्या प्रतिकृती आहेत. रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभाची प्रतिकृती इतकी उंच की छताखाली मावेना, म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभी केलीय. सज्जातून वरचं कोरीवकाम बघता येतं, तेही चुकवू नका.

टॉवर ऑफ लंडनचं तिकीट मोठ्या माणसाला ३० पौंडांच्या वर जातं. आईबाबांना कोहिनूर बघायचाच असेल तर जरूर न्या, पण मग तो पूर्ण दिवस त्यालाच द्या.

आणि लिंकन्स इन फील्ड्समधलं सर जॉन सोनचं घर. हे माझं सगळ्यात लाडकं, तेही मोफत. हा वास्तुविशारद १८३७ मध्ये वारला, आणि घर होतं तसंच ठेवायचा कायदा त्याने आधीच, १८३३ मध्ये, संसदेकडून करून घेतला होता. तळघरात सेती पहिला या प्राचीन इजिप्तच्या राजाची (फॅरोची) दगडी शवपेटी आहे. ब्रिटिश म्युझियमने नाकारल्यावर १८२४ मध्ये सोनने ती २,००० पौंडांना घेतली. वर चित्रांची एक छोटी खोली आहे. तिथल्या भिंती कपाटाच्या दारासारख्या उघडतात आणि आत आणखी चित्रं निघतात. कर्मचारी ठरावीक वेळी उघडून दाखवतात, तेव्हा आत शिरताना वेळ विचारून घ्या. सोमवार-मंगळवार बंद असतं, आणि जिने अरुंद आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना आधी कल्पना द्या.

वर्षभर राहून झालं की पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डला व्ही अँड एचं स्टोअरहाउस करा. मे २०२५ मध्ये उघडलं, प्रवेश मोफत. इथे कोठारातली वस्तू तुम्ही स्वतः मागवू शकता, एका वेळी पाचपर्यंत. मी एक जुनं भारतीय सुती कापड मागवलं होतं. ते टेबलावर उलगडलं तेव्हा काठाजवळ अगदी बारीक टाक्यांचं रफू दिसलं. काचेआड असतं तर माझ्या नजरेत आलंच नसतं. नोंदणी किमान दोन आठवडे आधी करावी लागते, म्हणजे आईबाबांचं विमान बुक झालं की लगेच तेही करून टाका.