कोल्हापुरात पंक बँड काढायचाय? आधी हिशोबाची वही घ्या

पंक, म्हणजे वेगात, ओरडून वाजवायचं बंडखोर रॉक संगीत, त्याचा बँड काढायचाय म्हणून कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, गिटार कुठली घेऊ. कुठलीपण घे भावा, सेकंडहँड घे, तारा तेवढ्या नव्या टाक आणि पॉवर कॉर्ड शिक, पहिलं बोट जाड तारेवर, तिसरं बोट शेजारच्या तारेवर दोन फ्रेट, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या दोन पट्ट्या पुढं, हाच आकार पुढंमागं सरकवत राहिलास की पंधरा दिवसांत एक गाणं होतंय. खरी मारामारी पुढं आहे: तिकीट कितीला, हिशोब कुणाकडं आणि माईक कुणाच्या हातात. ह्या तीन गोष्टी पहिल्या प्रॅक्टिसच्या आधी ठरवा.

हे मी क्रास नावाच्या बँडकडनं शिकलो. १९७७ साली इंग्लंडात, एसेक्समधल्या एपिंगजवळ डायल हाऊस म्हणून एक जुनं शेतघर होतं, तिथं ही माणसं जमली. ड्रमवर पेनी रिंबॉ, तिशी ओलांडलेला, गायला स्टीव्ह इग्नोरंट, जेमतेम विशीचा. अराजकतावादी, म्हणजे आमच्यावर सत्ता कुणाचीच नको म्हणणारे, आणि तितकेच युद्धाच्या विरोधातले. सगळे काळे कपडे घालायचे, कुणी एकटाच हिरो दिसू नये म्हणून. पहिल्या रेकॉर्डच्या वेळी आयर्लंडातल्या फॅक्टरीच्या कामगारांनी धर्मावरचा एक तुकडा छापायला नकार दिला, तर ह्यांनी त्या जागी दोन मिनिटं नुसती शांतता ठेवली आणि त्या शांततेला नाव दिलं, मुक्त अभिव्यक्तीचा आवाज. त्यानंतर स्वतःचं लेबलच, म्हणजे रेकॉर्ड काढायची कंपनीच काढली.

पण मला सगळ्यात जास्त भिडतो तो त्यांचा भाव. कव्हरवरच छापायचे, ह्याच्यापेक्षा जास्त पैसे देऊ नका. दुसऱ्यांचा सिंगल, म्हणजे एकदोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड, साधारण ९० पेन्सला मिळायचा तेव्हा ह्यांचा ४५ ला. आणि त्यात ते बुडाले, कारण व्हॅट धरायचाच राहिला, प्रत्येक कॉपीमागं तोटा, पुढच्या वर्षी परत छापला तेव्हा ७० पेन्स लावले. आमच्या पहिल्या गिगला, म्हणजे कार्यक्रमाला, हिशोब माझ्याकडं होता, टेम्पोचं भाडं मी धरलंच नव्हतं, ड्रमरनं गपचूप खिशातनं भरलं आणि मला ते आठ दिवसांनी कळलं, अजून वाईट वाटतंय. म्हणून सांगतो, तिकिटाचा दर ठरवायच्या आधी कागदावर मांडा. समजा जागा २००० रुपये, साऊंड ३०००, टेम्पो ८००, पोस्टरची झेरॉक्स ३००, पोरांचा चहा वडापाव ४००, झाले ६५००. माणसं १०० धरली तर ६५ रुपये पडतात, पण शंभर येतीलच असं नसतंय, ८० धरा, मग ८१ रुपये होतात. ८५ लावा आणि पोस्टरवर ठळक छापा. मित्राला फुकट, ओळखीच्याला कमी असलं करू नका, जो लांबनं बसनं आलाय त्याच्यावर तो अन्याय आहे.

जागेचं म्हणाल तर तालमीचा हॉल मिळाला तर उत्तम, नाहीतर कुणाच्या ओळखीनं गुऱ्हाळघर बघा. हंगाम संपला की ते रिकामं असतंय. फक्त वर पत्रा असला की आवाज इतका घुमतो की एक शब्द कळत नाही, त्यामुळं भिंतींवर जुन्या गाद्या, गोणपाट, रजया टांगा, अंड्याच्या ट्रेनं फारसं काही होत नाही, त्याच्या नादाला लागू नका. जून लागायच्या आत करा, पाऊस पत्र्यावर पडायला लागला की ड्रमसुद्धा ऐकू येणार नाहीत. लाऊडस्पीकरची परवानगी लेखी घ्या आणि रात्री १० च्या आत आटपा, १० ते सकाळी ६ कायद्यानंच बंदी आहे, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांनाही झोप लागतेच की. आणि हे जिवाचं आहे, नीट वाचा: गिटारचा आवाज वाढवणारा ॲम्प आणि साऊंडचा मिक्सर एकाच अर्थिंगवर पाहिजेत, आधी वायरमनकडनं अर्थिंग तपासून घ्या, नाहीतर एका हातात गिटार आणि ओठ माईकला लागले की झटका बसतो. लाईटला खर्च नको, क्रास घरातल्या ४० वॅटच्या बल्बवर वाजवायचे.

गाणी मराठीत लिहा, कोल्हापुरीत लिहा. राजकारण गाण्यात आणणं हे काय परदेशातनं आलेलं फॅड नाही, ह्याच मुलखात सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले, तमाशाच्या बाजातनं फुल्यांचा विचार लोकांपर्यंत नेला. बिंदू चौकातनं जाताना फुले आणि आंबेडकरांचे पुतळे बघता ना, ते १९५० सालचे आहेत, बाबासाहेब हयात असतानाचे. वेगात ओरडलेले शब्द पहिल्यांदा कुणालाच कळत नाहीत, म्हणून गाण्यांचे बोल झेरॉक्स करून दारातच वाटा. क्रासच्या रेकॉर्डबरोबर घडीचं मोठं पोस्टर यायचं त्यात सगळे बोल असायचे. आणि माईक फिरता ठेवा. १९८१ च्या त्यांच्या अल्बमवर सगळं गायन बायकांचंच आहे, इग्नोरंट त्यात गातच नाही. तुमच्या बँडमधल्या पोरीला नुसतं कोरसला उभं करत असाल तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे.

पैसे उरले तर कुणाला द्यायचे तेही आधीच ठरवा, पोस्टरवर लिहा. क्रासचा शेवटचा कार्यक्रम १९८४ साली वेल्समधल्या ॲबरडेअरला, संपावरच्या खाण कामगारांसाठी झाला, त्यानंतर बँड थांबला. आम्ही आता शेवटचं गाणं झालं की लाईट लावतो आणि वहीतला जमाखर्च माईकवरनं वाचून दाखवतो, टेम्पोच्या भाड्यासकट.