फ्लॉवरच्या तुऱ्यापासून नवं रोप: ठाण्याच्या दमट हवेत टिश्यू कल्चर

वनस्पतीच्या छोट्याशा तुकड्यातून अख्खं रोप उभं राहताना बघायचं असेल तर पहिल्यांदा केळी किंवा ऑर्किडच्या वाटेला जाऊ नका. केळीचा कंद कापला की काळा पडतो, ऑर्किडला महिने लागतात. फ्लॉवर घ्या. फ्लॉवरचा पांढरा गड्डा म्हणजे फूल व्हायला निघून मध्येच अडकलेली हजारो वाढती टोकं. प्रत्येक बारीक दाण्यात विभाजी ऊती, म्हणजे सतत विभागत राहणाऱ्या पेशी, जिवंत असते, त्यामुळे नवे कोंब फुटायला आधी पेशींचा गोळा तयार व्हावा लागत नाही. साधारण दहा दिवसांत तुकडा हिरवा होऊन फुगलेला दिसतो, दोन-तीन आठवड्यांत पानं येतात.

ही पद्धत शाळेच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, किंवा घरी शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येते. हवा गाळणारं लॅमिनार यंत्र लागत नाही, पण दमट हवेशी सामना करावाच लागतो. ठाण्यात जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी धरते, तीच बाटलीतही शिरते. म्हणून प्रयोग डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. तेव्हा खोलीचं तापमान २२ ते २६ अंशांच्या आसपास ठेवणं सोपं जातं आणि जांभळी नाक्याच्या मंडईत ताजा फ्लॉवरही मिळतो. गड्डा घट्ट, पांढराशुभ्र आणि पाल्यासकट घ्या. पिवळसर, सैल किंवा काळे ठिपके पडलेला गड्डा स्वस्त मिळाला तरी नको, कारण त्या ठिपक्यांतले जीवाणू ब्लीचलाही दाद देत नाहीत.

माध्यम

माध्यम म्हणजे तुकडा ज्यावर वाढतो ते पोषक, घट्ट मिश्रण. सगळीकडे वापरलं जाणारं माध्यम मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी तयार केलं. त्याची तयार पावडर मिळते, प्रयोगशाळेत तिला नुसतं ‘एमएस’ म्हणतात. बहुतेक पावडरी लिटरला ४.४ ग्रॅम अशा हिशेबाच्या असतात, पण पाकिटावरचा आकडाच खरा धरा. साखर आधीच घातलेली पाकिटंही मिळतात आणि दुप्पट साखर पडली तर वाढ खुंटते.

अर्धा लिटर माध्यमासाठी एमएस पावडर २.२ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम (घरातली पांढरी चालते), अगर (माध्यम घट्ट करणारी पूड) ४ ग्रॅम आणि कायनेटिन (कोंब फुटवणारं संप्रेरक) १.२५ मिलिग्रॅम लागतं. पाणी डिस्टिल्ड असावं. आधी ४०० मिलि पाण्यात पावडर आणि साखर विरघळवा, कायनेटिन घाला आणि पाणी ५०० मिलिपर्यंत भरा. आता सामू (पीएच) तपासा. तो ५.८ हवा. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड किंवा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकेक थेंब टाकत तिथवर आणा. अगर त्यानंतरच घालायचं आणि मिश्रण उकळून ते पूर्ण विरघळेपर्यंत ढवळत राहायचं. सामू ५ च्या खाली गेला तर अगर धरत नाही, बाटली वाकडी केली की माध्यम खिरीसारखं वाहतं आणि तुकडा त्यात बुडून गुदमरतो. टिश्यू कल्चर फसण्याचं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षलेलं कारण आहे.

कायनेटिन घरच्या काट्यावर मोजता येत नाही. कॉलेजच्या अचूक तराजूवर १० मिलिग्रॅम मोजा, सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडच्या काही थेंबांत विरघळवा आणि पाण्याने १० मिलि करा. मग एका मिलीत एक मिलिग्रॅम येतं आणि अर्ध्या लिटरला १.२५ मिलि पुरतं. उरलेलं द्रावण फ्रीजमध्ये, नाव आणि तारीख घालून, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळं ठेवा.

कुकर

घरचा प्रेशर कुकर साधारण १५ पौंड दाबावर चालतो, म्हणजे आत सुमारे १२१ अंश. प्रयोगशाळेतलं निर्जंतुक करायचं यंत्र, ऑटोक्लेव्ह, तेच करतं. जॅमच्या रुंद तोंडाच्या दोनशे मिलिच्या बाटल्यांत प्रत्येकी ४० मिलि गरम माध्यम ओता, म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये बारा बाटल्या होतात. झाकण पूर्ण लावून पाव फेरा सैल करा आणि वरून अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. कुकरच्या तळाशी जाळी ठेवा, पाऊण लिटर पाणी घाला आणि बाटल्या पाण्यात बुडणार नाहीत अशा उभ्या करा. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून वीस मिनिटं मोजा. दुसऱ्या खेपेला फॉइलमध्ये गुंडाळलेला लांब चिमटा आणि स्टीलची ताटली, तसंच शंभर मिलि पाण्याच्या तीन बाटल्या अर्धा तास ठेवा. ब्लेड मेडिकलमधून बंद पाकिटातलं निर्जंतुक घ्या.

गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलू नका. दाब एकदम उतरला की माध्यम उसळून झाकणाला चिकटतं आणि तो साखरेचा चिकट कड बुरशीला आत येण्याचा रस्ता होतो. कुकर आपोआप थंड होऊ द्या. थंड होताना बाटली बाहेरची हवा आत ओढते, म्हणून कुकर उघडल्या उघडल्या फॉइल न काढता झाकणं घट्ट करा.

तुकडे लावणं

आदल्या रात्री खोली ओल्या फडक्याने पुसून घ्या. त्या दिवशी तिथे पोळ्यांचं पीठ मळू नका, धान्य निवडू नका. पीठ आणि धान्याची धूळ बुरशीच्या बीजाणूंनी भरलेली असते. लावण्याआधी अर्धा तास पंखा आणि एसी बंद ठेवा. स्वच्छ पुसलेली मासे ठेवायची काचेची टाकी तोंड आपल्याकडे करून आडवी ठेवा, तोंडाला प्लॅस्टिकचा पडदा लावा आणि हात जातील एवढ्या दोन फटी ठेवा. आतून सत्तर टक्के अल्कोहोलने पुसा. टाकीत मेणबत्ती किंवा स्पिरिटचा दिवा अजिबात लावायचा नाही. अल्कोहोलची वाफ पेटते, आणि ज्योतीने हवा ढवळून धूळ वर येते. चिमटा कुकरमधूनच निर्जंतुक होऊन आलाय, तेवढं पुरतं.

गड्ड्याचा एक तुरा तोडून वाहत्या पाण्याखाली दहा मिनिटं धुवा. मग पाच मिलिमीटरचे, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढे, छोटे तुरे कापा. प्रत्येकावर पांढरा खरखरीत भाग असायलाच हवा, नुसत्या देठाच्या तुकड्याला कोंब फुटण्याची आशा फार थोडी. तुकडे अल्कोहोलमध्ये तीस सेकंद बुडवा. मग चार टक्क्यांच्या घरगुती ब्लीचच्या एका भागात तीन भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून, त्या द्रावणात पंधरा मिनिटं अधूनमधून हलवत ठेवा. साबण नसेल तर तुऱ्याच्या खोबणींत हवेचे बुडबुडे अडकतात आणि तिथले जंतू सुटतात. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पुढचं सगळं टाकीच्या आत करायचं. ब्लीच ओतून टाका आणि निर्जंतुक पाण्याच्या तिन्ही बाटल्यांनी एकापाठोपाठ, प्रत्येकी तीन मिनिटं धुवा. देठाची ब्लीचने पारदर्शक झालेली कड ताटलीवर कापून टाका. चिमट्याने तुकडा उचला, देठ खाली ठेवून एक तृतीयांश माध्यमात रोवा. एका बाटलीत दोनच तुकडे. झाकण काढून बाटलीवर वाकायचं नाही, बोलायचं नाही. दहा बाटल्या लावा आणि दोन तशाच मोकळ्या, झाकण एकदा उघडून बंद करून ठेवा.

बाटली वाचायला शिका

सगळ्या प्रयोगात त्या दोन मोकळ्या बाटल्या सर्वात मोलाच्या आहेत, कारण चूक कुठे झाली हे त्या सांगतात. ट्यूबलाइटखाली, पण उन्हात नाही, दिवसाला सोळा तास उजेडात बाटल्या ठेवा आणि रोज बाहेरूनच बघा. दोन ते चार दिवसांत तुकड्याच्या बुडाशी दुधी, चकचकीत थर आला तर ते जीवाणू: तुकडा नीट निर्जंतुक झाला नाही, पुढच्या वेळी ब्लीचमध्ये पाच मिनिटं वाढवा. तुकड्यापासून लांब, माध्यमावर कापसासारखा गोल ठिपका उगवला तर बुरशी हवेतून किंवा झाकणातून आली, तुकड्याचा दोष नाही. मोकळ्या बाटल्यांतही तेच दिसलं तर कुकर कमी वेळ चालला किंवा हवेतच जास्त बीजाणू होते. मोकळ्या स्वच्छ राहिल्या आणि बाकीच्या खराब झाल्या, तर आधी ब्लीच आणि चिमट्याकडे बघा. एवढं न तपासता नुसतं ‘परत लावून बघू’ म्हणणं म्हणजे तीच चूक परत करणं.

तुकडा पांढराच राहून काचेसारखा झाला, हिरवा झालाच नाही, तर ब्लीचने तो मेला. पानं जाड, ठिसूळ, पाणी भरल्यासारखी दिसली तर बाटलीत ओल फार आहे किंवा कायनेटिन जास्त पडलं आहे. तेव्हा अगर लिटरला एक ग्रॅम वाढवा आणि कायनेटिन अर्धं करा.

बुरशी लागलेली बाटली उघडून हुंगू नका, विशेषतः दम्याचा त्रास असेल तर. आहे तशी कुकरमध्ये ठेवून, झाकण पाव फेरा सैल करून, अर्धा तास शिजवा आणि मगच कचऱ्यात टाका.

विज्ञान प्रदर्शनासाठी जरा पुढे जायचं असेल तर चार प्रकारचं माध्यम करा: काहीच संप्रेरक नसलेलं, नुसतं कायनेटिनचं, नुसतं एनएए (ऑक्सिन गटातलं, मुळं फुटवणारं संप्रेरक) लिटरला एक मिलिग्रॅम, आणि दोन्ही एकत्र. प्रत्येकाच्या किमान तीन बाटल्या हव्यात. कायनेटिनचं पारडं जड असलं की कोंब, ऑक्सिनचं जड असलं की मुळं, हा नियम स्कूग आणि मिलर यांनी १९५७ साली मांडला. चौदाव्या दिवशी प्रत्येक बाटलीतले कोंब आणि मुळं मोजून तक्ता भरा.

मुळं आणि कुंडी

कोंब दोन सेंटीमीटर झाले की तसेच निर्जंतुकपणे सोडवून निम्म्या ताकदीच्या एमएसवर ठेवा. त्यात कायनेटिन नको, लिटरला अर्धा मिलिग्रॅम आयबीए (हेही ऑक्सिनच) पुरतं. मुळं फुटली की कोमट पाण्यात अगर पूर्ण धुवून काढा. कणभर साखर राहिली तरी मुळापाशी बुरशी धरते. ओल्या कोकोपीटमध्ये लावा आणि पाण्याची बाटली अर्धी कापून तिचा बुचाकडचा भाग रोपावर टोपीसारखा ठेवा. बाटलीत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत, म्हणून मोकळ्या हवेत ती तासाभरात माना टाकतात. चार दिवसांनी वरचं बूच काढा, आठव्या दिवसापासून बाटली रोज एक तास, मग दोन तास बाजूला करा. दोन आठवड्यांनी रोप झाकणाशिवाय तगलं की गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशा जागी हलवा.