घोड्यासोबत काम करता करता बायबलचं वचन कसं शिकायचं

तबेल्यात जायच्या आधी एकच वचन वाचा, दहा नकोत. सुरुवातीला स्तोत्र 32:9 घ्या, त्यात म्हटलंय की घोडा-खेचरासारखे होऊ नका, त्यांना लगाम घालूनच आवरावं लागतं. मग खरारा करताना घाई नको, कान बघा, मागे पाडलेत म्हणजे वैतागलाय, तुमच्याकडे वळलेत म्हणजे ऐकतोय. आता दोरीला हलका ताण द्या आणि त्याने अर्धं पाऊल टाकलं तरी लगेच ढील द्या, कारण घोड्याला बरोबर काय ते कळतं ताण सुटतो त्या क्षणी. इथे जरा थांबून स्वतःला विचारा, देव मला हळूच कुठे नेतोय आणि मी कुठे पाय रोवून बसलोय? पण ओढूनताणून धडा काढू नका हं, कधीकधी त्याला नुसती माशी चावलेली असते!

माणसांशीही तसंच. रांगेत कोणी खेकसलं तर याकोब 1:19 आठवा, ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागालाही सावकाश.

रात्री वहीत आधी घडलं ते लिहा, वचन नंतर. उलटं केलं की सगळं आपल्या सोयीचं दिसायला लागतं.