मध्ययुगातल्या सनावळ्या डोक्यात बसत नाहीत? मग तापीपासून सुरुवात करा

माझी भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय, मागच्या महिन्यात जळगावला घरी आली तेव्हा वहीची पानंच्या पानं सनावळ्यांनी भरलेली, १२९६, १५२६, १५५६, १६०१, आणि म्हणे मामा रात्री पाठ करते अन् सकाळी पाटी कोरी. मी म्हटलं वही मिट, कोऱ्या कागदावर आधी तापी काढ.

तुम्हीपण हेच करा. तापी आडवी, वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, उजव्या अंगाला बऱ्हाणपूर आणि त्याच्या वर असीरगड. आता उत्तरेकडून फौज घेऊन दख्खनला यायचंय असं समजून कागदावर बोट फिरवा. बोट असीरगडाशी येऊन अडतं ना, बास, निम्मा इतिहास तिथंच कळतो.

मग दोन पेनं घ्या, एक लाल आणि एक पेन्सिल. प्रत्येक घटनेला एकच विचारायचं, याच्या आधी जे चालू होतं ते यानंतर बंद पडलं का? पडलं तर लाल, नाहीतर पेन्सिल. घटना किती गाजली ते बघायचंच नाही.

आता १२९६ घ्या. त्याआधीचं यादवांचं राज्य कसं होतं ते बघायला चाळीसगावजवळच्या पाटणला जा, तिथल्या शिलालेखात लिहिलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो सिंघण यादवाच्या दरबारात ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि त्याला दानं मिळाली. गणिताच्या अभ्यासाला दान मिळतंय म्हणजे राज्य किती स्थिर असेल विचार करा! १२९६ ला अल्लाउद्दीन खिलजी यादवांच्या राजधानीवर, देवगिरीवर आला, रामदेवरावाला खंडणी देऊन तह करावा लागला, आणि १३१७-१८ पर्यंत यादवांचं राज्यच संपलं. लाल. लक्षात ठेवायला एक जोड देतो, १२९६ लाच ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली आणि पुढच्या वर्षी मुक्ताई आपल्या तापीकाठी समाधिस्थ झाली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण मुक्ताईच्या वारीला गेलेला माणूस हे साल विसरत नाही.

१३८२ ला लढाईच नाही म्हणून पोरं ते सोडून देतात. फिरोजशाह तुघलकाने मलिक राजाला १३७० ला तापीकाठच्या थाळनेरची जहागीर दिली होती, १३८२ ला तो दिल्लीला जुमानेनासा झाला. एवढंच, पण फारुकी घराणं उभं राहिलं, त्याच्या मुलाने, नासिरखानाने असीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवलं, आणि या खानांवरूनच आपल्या मुलखाला खान्देश म्हणतात असं मानतात. लालच!

१६०१ वर मात्र थांबा, घाई करू नका. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत राजा अलीखान फारुकीचा लेख आहे, अरबीत आहे आणि संस्कृतातपण आहे, मी पहिल्यांदा ती देवनागरी अक्षरं बघितली तेव्हा बराच वेळ तिथून हललोच नाही. हा राजा अलीखान १५९७ ला मोगलांच्या बाजूने लढताना मारला गेला, त्याच्या मुलाचं, बहादूरखानाचं अकबराशी बिनसलं, तो असीरगडात जाऊन बसला आणि कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर जानेवारी १६०१ ला गड पडला. अकबराने खान्देशचं नाव बदलून शहजादा दानियालच्या नावाने दानदेश केलं. दोनशे वर्षांचं राज्य गेलं आणि बऱ्हाणपूर मोगलांचं दख्खनचं ठाणं झालं. लाल. म्हणून १६३१ ला मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली ही गोष्ट कितीही मोठी वाटली तरी पेन्सिल, कारण खरं वळण तीस वर्षं आधीच येऊन गेलेलं.

बागलाणातली साल्हेरची लढाई, १६७२, लाल, कारण मराठे मोगलांना उघड्या मैदानात हरवू शकत नाहीत हा समज तिथं मोडला. १७६० ला उदगीरला पेशव्यांनी निजामाला हरवलं, त्यानंतर बऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांकडे आले, त्याला कोणता रंग द्यायचा ते स्वतः ठरवा आणि का ते दोन ओळींत लिहा.

शेवटचं काम, हे सगळं घरात कोणाला तरी तोंडी सांगा, कागद न बघता, जमलं तर अहिराणीत. भाचीने आजीला सांगितलं, आजी मेथी निवडत ऐकत होती, आणि मधेच म्हणाली, "मंग थायनेर सोडीसन बऱ्हानपूरले काबरं गयात?" (मग थाळनेर सोडून बऱ्हाणपूरला का गेले?) भाची गप्प झाली, मग उठून तो तापीचा कागद घेऊन आली आणि आजीचं बोट धरून असीरगडावर ठेवलं.