फाटकाला कुलूप लागायच्या आधी काय करायचं (आणि लागलंच तर काय)

आम्ही वर्षानुवर्षं ज्या तळ्यावर सकाळी पोहायला जायचो तिथे एका सोमवारी पोचलो तर लोखंडी फाटक, साखळी, कुलूप आणि पत्र्यावर रंगवलेलं 'प्रवेश बंद'. सगळ्यांचा राग निघाला तो फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या रखवालदार काकांवर. काका म्हणाले, "कागद-प्लॅस्टिक मी रोज उचलतच होतो हो, पण पाण्यात फोडलेल्या बाटल्या कशा शोधणार? एका पोराची टाच फाटली, सात टाके पडले, मग वरून ऑर्डर आली." हे ऐकून आम्ही सगळे गप्प झालो, कारण त्या बाटल्या आम्ही प्रत्येकाने बघितल्या होत्या, काठावर, बाकाखाली, फुटायच्या आधी, आणि बघून पुढे गेलो होतो.

तेव्हापासून दोन-तीन वर्षं आम्ही काहीजण अशा जागा स्वच्छ आणि उघड्या ठेवायच्या कामात आहोत, त्यातून जे कळलं ते लिहितोय. तुमची जागा तळं असेल, टेकडी असेल, जंगलातली पायवाट, किनारा किंवा नुसतं मैदान, काम साधारण तेच असतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जागा बंद करायची हौस कोणालाच नसते. जागा ज्याच्या ताब्यात असते त्याच्याकडे माणसं मोजकी असतात, साफसफाई, कोणाला लागलं तर त्याची जबाबदारी, आगीची भीती, तुटलेली बाकं दुरुस्त करणं हे सगळं त्यांनाच बघायचं असतं, आणि एक दिवस ते झेपेनासं झालं की हाताशी असलेला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कुलूप. म्हणजे आपलं काम काय, तर हा भार त्या टोकापर्यंत जाऊच द्यायचा नाही, आणि ते काम पहिल्या पिशवीपासून सुरू होतं, ढीग झाल्यावर नाही.

पहिल्या पिशवीवर एवढा जोर का देतोय तर त्याला कारण आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात काही संशोधकांनी एका गल्लीत लावलेल्या सायकलींच्या हँडलला कागदी जाहिराती अडकवल्या, जवळपास कचऱ्याचा डबा नव्हता. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी तो कागद खाली टाकला, त्याच भिंतीवर रंगाने खरडून ठेवलं तेव्हा ६९ टक्के लोकांनी टाकला. बाकी सगळं तेच, भिंतीवर लिहू नका ही पाटीसुद्धा दोन्ही वेळी तिथेच होती. २००८ साली 'सायन्स' या मासिकात हे छापून आलंय. माणसं वाईट असतात म्हणून घाण होते असं मला आता वाटत नाही, समोर जे दिसतं त्यावरून माणूस ठरवतो की इथे काय चालतं.

आता उचलायचं कसं ते. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जा, गर्दी नसते आणि ऊन तिरपं असतं, तिरप्या उन्हात काच चमकते, दुपारी तीच काच मातीत दिसत नाही. जाड हातमोजे, लांब चिमटा, दोन गोणी (एक सुक्या कचऱ्याला, एक ओल्या घाणीला) आणि एक झाकणाचा जाड डबा फक्त काचेसाठी. काच पिशवीत कधीच टाकू नका, चालताना पिशवी फाटते आणि मांडीला लागतं, आमच्यातल्या एकाला लागलंय. मोठे तुकडे चिमट्याने एकेक उचलायचे, बाकावरचा किंवा कट्ट्यावरचा चुरा ओल्या जाड कागदाने टिपायचा आणि कागदासकट डब्यात टाकायचा. पाण्यातली काच काढायला स्वतः उतरू नका, जागा दाखवून कळवा. इंजेक्शनची सुई दिसली तर हात लावायचा नाही, तिला टोपण बसवायच्या भानगडीत तर अजिबात पडायचं नाही, शेजारी खुणेला दगड ठेवा आणि ज्यांचं ते काम आहे त्यांना सांगा.

कुठे शोधायचं हेही थोड्या दिवसांत कळायला लागतं. वाटेच्या मध्यावर फार काही नसतं. गाड्या लावायच्या जागेपासून पहिली पन्नास पावलं, बाकांच्या मागची बाजू, बसायला सोयीच्या मोठ्या दगडांच्या फटी, आणि जिथून व्ह्यू चांगला दिसतो ती कड, तिथेच सगळं असतं. रिकाम्या बाटल्या कोणीही उचलतं, पण रॅपरचे फाडलेले कोपरे, बाटल्यांची बुचं, सिगरेटची थोटकं हे राहून जातं. सिगरेटचं फिल्टर कापसासारखं दिसतं पण ते सेल्युलोज ॲसिटेट नावाचं प्लॅस्टिक आहे, त्यामुळे ते मातीत विरघळेल या भरवशावर राहू नका. ओले वाइप्सही तसेच, बहुतेकांत प्लॅस्टिकचे धागे असतात. फळांच्या साली झुडपात भिरकावणारे पुष्कळ आहेत, नैसर्गिकच आहे की म्हणून, पण त्या कुजायला महिनोन्महिने लागू शकतात आणि तोपर्यंत प्राण्यांना तिथे येऊन खायची सवय लागते.

जमलेला कचरा तिथेच जाळायचा नाही. आणि भरून वाहणाऱ्या डब्याशेजारी पिशवी टेकवून यायची नाही, रात्री प्राणी ती फाडतात आणि सकाळी तुम्ही उचललेलं सगळं परत पसरलेलं असतं, वर तुमचीच पिशवी म्हणून नाव होतं. घरी न्या किंवा जिथून गाडी खरंच उचलते तिथे टाका.

एक वही ठेवा. तारीख, किती जण, किती गोण्या, काचेचे तुकडे किती, नवीन काही तुटलं-खरडलं का. पुढे हीच वही कामाला येते, कशी ते सांगतो.

आता दगडांवर, भिंतींवर लिहिलेलं. इथे सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूने होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोणीतरी खडकावर स्प्रेने नावं लिहिली, आपल्याला राग आला, आपण थिनर आणि तारेचा ब्रश घेऊन गेलो. असं करू नका. दगडाला बारीक छिद्रं असतात, रंग त्यात मुरतो, थिनर ओतलं की रंग पातळ होऊन अजून आत जातो आणि आजूबाजूला पसरतो. तारेच्या ब्रशने दगडाचा उन्हापावसाने तयार झालेला वरचा थर निघतो, दगडफूल मरतं आणि तिथे पांढरट चट्टा पडतो जो रंगापेक्षा लांबून दिसतो. मी एका ठिकाणी असा चट्टा बघितलाय, जोरजोरात घासलेल्या गोल गोल रेघांसकट, आणि त्या गोलांच्या आत मूळ अक्षरं अजून वाचता येतात. वाळवंटी भागातल्या खडकांवर काळसर चकाकी असलेला एक पातळ थर असतो, तो बनायला हजारो वर्षं जातात. आणि जवळपास जुनी चित्रं किंवा कोरीवकाम असेल तर पाण्याचं बोटसुद्धा लावायचं नाही, ते काम फक्त तज्ज्ञांचं.

मग आपण काय करायचं, तर लगेच कळवायचं, कारण रंग ताजा असताना निघायची शक्यता जास्त. एक फोटो लांबून, म्हणजे जागा ओळखता येईल, एक जवळून शेजारी पेन ठेवून, म्हणजे आकार कळेल, सोबत तारीख आणि नेमकं लोकेशन. हा फोटो जागा सांभाळणाऱ्यांना पाठवा, ग्रुपवर फिरवू नका, लिहिणाऱ्याला तर तेच हवं असतं की नाव सगळीकडे दिसावं. रंगवलेलं बाक, पत्र्याची पाटी, सिमेंटची भिंत असेल तर परवानगी घेऊन त्याच रंगाचा हात मारता येतो, आणि तो दोन दिवसांत मारलात तर पुन्हा लिहायचा उत्साह कमी होतो असा आमचा अनुभव आहे.

कोणी डोळ्यांसमोर कचरा टाकताना दिसलं तर? भाषण देऊ नका. आम्ही आधी द्यायचो, भांडणं झाली, कचरा तिथेच राहिला. आता सरळ म्हणतो, "पिशवी हवी का, माझ्याकडे जास्तीची आहे," आणि हातात देतो. दहातले आठ जण घेतात, दोघं-तिघं तर सॉरी म्हणतात. पण कोणी तोडफोड करतंय, प्यायलेली टोळी आहे, अंधार पडलाय, अशा वेळी जवळ जाऊ नका, गाडीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या, लांबून फोन करा.

आपल्या स्वतःच्या सवयींबद्दल थोडक्यात. शेकोटीला परवानगी असेल तरच पेटवा आणि निघताना पाणी ओता, ढवळा, परत पाणी ओता, राखेवर हाताची मागची बाजू जवळ धरून बघा, ऊब लागली तर अजून विझलेली नाही. शौचाला जायची वेळ आली आणि सोय नसेल तर पाण्यापासून, वाटेपासून साठ-सत्तर मीटर लांब, पंधरा-वीस सेंटीमीटर खोल खड्डा करून नंतर बुजवायचा, कागद मात्र पिशवीत परत आणायचा. हा विषय लोक टाळतात, पण जागा बंद व्हायला हेही कारण ठरतं. अमेरिकेत सरकारी कामकाज ठप्प झालं होतं तेव्हा जोशुआ ट्री नॅशनल पार्कचे कॅम्पग्राउंड २ जानेवारी २०१९ ला बंद करावे लागले, कारण काय तर टॉयलेट भरून वाहायला आले होते. त्या दिवसांत आसपासचे लोक स्वतःहून टॉयलेट धुवायला, कागद ठेवायला आणि कचरा उचलायला जात होते, ही गोष्ट मला कायम आठवते.

आता वहीकडे येतो. जागा बंद व्हायच्या आधीच ती कोणाच्या ताब्यात आहे ते शोधून काढा, वनखातं, पालिका, पाणीपुरवठ्यावाले, खाजगी मालक, कोणीही असेल. जाऊन भेटा, आणि पहिल्या भेटीत मागणी काहीच करू नका, फक्त विचारा की तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. आम्ही समजत होतो प्लॅस्टिकचा, त्यांचं उत्तर होतं काच आणि रात्री आत येणाऱ्या गाड्या. त्यांचा त्रास कळला की उपाय छोटा करता येतो, सगळी जागा बंद करायच्या ऐवजी रात्रीपुरती बंद, गाड्या अलीकडेच थांबवणं, काचेच्या बाटल्यांना बंदी, एकावेळी ठराविकच माणसं, खराब झालेला एवढाच तुकडा काही महिने विश्रांतीला. अधिकाऱ्यासमोर "आमचा हक्क आहे" म्हणत बसण्यापेक्षा "गेल्या बारा रविवारी आम्ही एवढ्या गोण्या काढल्या, त्यातल्या निम्म्या गाडीतळाजवळच्या होत्या" असं वहीतून दाखवलंत की बोलणं वेगळ्या सुरात होतं.

आणि कुलूप लागलंच तर कुंपणावरून उडी मारू नका. माहितीय, दुखतं, मलाही दुखलं, पण आत गेलेला प्रत्येक माणूस म्हणजे जागा बंदच ठेवायला त्यांच्या हातात दिलेलं एक कारण. आतले फोटो टाकणंही बंद करा, तुमचा फोटो बघून पुढचे दहा जण वाट शोधत येतात. मग लेखी विचारा की जागा कशामुळे बंद केली आणि काय झालं तर उघडाल. फिलिपिन्समधलं बोराकाय बेट एप्रिल २०१८ पासून सहा महिने पर्यटकांना पूर्ण बंद होतं, समुद्रात सोडलेलं सांडपाणी हे त्यातलं मोठं कारण, आणि ऑक्टोबरमध्ये उघडलं तेव्हा किनाऱ्यावर दारू आणि सिगरेटला बंदी आली. थायलंडमधला माया बे जून २०१८ ला बंद झाला तो थेट जानेवारी २०२२ ला उघडला, आणि आता बोटी खाडीत येत नाहीत, मागच्या बाजूला लागतात, पोहायलाही मनाई आहे. म्हणजे जागा परत मिळते तेव्हा पूर्वीसारखी मिळेलच असं नाही, काही अटी येतात, त्या आधीच मनाशी मान्य करून बोलायला बसा. तीन महिने ट्रायलवर उघडा, त्या तीन महिन्यांची सफाई आमच्याकडे, असा प्रस्ताव द्या, पण जेवढं खरंच जमणार तेवढंच कबूल करा, चार आठवड्यांनी माणसं गळाली तर पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही.

आमचं तळं चौदा महिन्यांनी उघडलं. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, गाड्या बाहेर, काच आत न्यायची नाही, पोहायचं फक्त एका काठाला. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहाजण काठाने चक्कर मारतो आणि काका डबा घेऊन बरोबर येतात, डबा त्यांनी स्वतःकडेच ठेवलाय. गेल्या रविवारी वहीत काचेच्या रकान्यात दोन तुकडे लिहिले, दोन्ही हिरवे, जुने, कडा पाण्याने गुळगुळीत झालेले.