कॉलेजच्या मुलांना हातखर्चाला किती द्यावेत?

दांडिया बाजारातल्या घरातून सयाजीराव विद्यापीठात जाणारा मुलगा आणि बाहेरगावाहून बडोद्याला येऊन फतेगंजला पीजीत राहणारी मुलगी, या दोघांचा हातखर्च एका मापाने मोजता येत नाही. तेव्हा शेजारचे किती देतात, ते आधी विसरा.

सुरुवात नोंदीने करा. महिनाभर मुलाला खर्च लिहू द्या. यूपीआयचे पैसे फोनमध्ये दिसतातच, रोखीचे तेवढे टिपायचे. या महिन्यात रागवायचं नाही. एकदा रागावलात की नोंद खोटी होते आणि पुढचा सगळा हिशोब चुकतो.

मग कागदावर मधोमध रेघ मारा. फी, पुस्तकं, मेस, रिचार्ज, औषधपाणी आईवडिलांकडे. चहा, सेवउसळ, झेरॉक्स, सिनेमा, मित्रांचे वाढदिवस मुलाकडे. वाद होतो पेट्रोलवरून. माझ्या मते तेही मुलाकडेच द्यावं, पण मोजून. जाऊन-येऊन रोज 10 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 250 किलोमीटर. स्कूटर लिटरला 45 देत असेल तर साडेपाच लिटर लागेल. तेवढ्याचे पैसे आजच्या भावाने धरा. मित्राला सोडायला गावभर फिरायचं की ते पैसे वाचवायचे, हे त्याचं त्याने ठरवावं.

मुलाकडच्या खर्चाची बेरीज करा आणि तीत दहाएक टक्के वाढवा. आकडा घराला झेपत नसेल तर पगार किती, हप्ते किती, हे मुलासमोर मांडा. अठराव्या वर्षी हे नीट कळतं. लपवलेलंच जास्त लागतं.

बडोद्यात खरी ओढाताण नवरात्रात होते. गरब्याचा पास, चणियाचोळी, मध्यरात्रीनंतरचं खाणं, आणि जानेवारीत उत्तरायणाचे पतंग-मांजा. हे महिन्याच्या रकमेत कोंबू नका. सणाचे पैसे वेगळे, आणि आकडा महिनाभर आधी ठरलेला. चणियाचोळी भाड्यानेही मिळते, हे त्याच वेळी बोलून घ्या.

रक्कम ठरल्या तारखेला थेट खात्यात टाका. पहिले दोन-तीन महिने आठवड्याला द्या, हात बसला की महिन्याला. मध्येच संपले तर उचल द्या, पण पुढच्या महिन्यात ती वळती करा. दिलेल्या पैशांचा रोज हिशोब मागू नका.

रात्री उशिरा रिक्षाने घरी यायचे पैसे मात्र हातखर्चात कधीच धरू नका. मुलीला आणि मुलालाही पहिल्याच दिवशी सांगा: कितीही वाजोत, रिक्षा कर, पैसे मी दारात येऊन देईन.